नाव ओठांवर आहे, पण आठवत नाही!

वाचकाचं पत्र

घरच्या स्नेहमेळाव्यात गाणी ओळखण्याचा खेळ घ्यायचं काम दुसऱ्यांदा माझ्याकडे आलं आहे. माणसं बावीस, वयं आठपासून पंचाहत्तरपर्यंत. मागच्या वेळी मोबाइलवर गाणी लावली आणि ‘ओळखा’ म्हटलं. एक भाचा दोन सेकंदांत उत्तर ओरडायचा, बाकीचे बघत बसायचे. दहा मिनिटांत ज्येष्ठ मंडळींच्या गप्पा सुरू झाल्या, मुलं उठून गेली. मध्येच गाण्याऐवजी जाहिरात वाजली. शेवटी एका गाण्याचा मूळ गायक कोण यावरून जुंपली आणि खेळ तिथेच आटोपला. या वेळी तासभर खेळ नीट चालावा, सगळ्यांना त्यात काहीतरी करता यावं. गाणी कशी निवडू? नियम काय ठेवू?

आमचं उत्तर

तुमच्या भाच्याचं काहीच चुकलं नाही. जो आधी ओरडेल त्याला गुण, असं ठरलं की जीभ चपळ असेल तो जिंकणार आणि बावीस जणांत अशी जीभ एखाद-दुसऱ्याचीच असते. शिवाय गाणं ओळखीचं वाटणं आणि त्याचं नाव आठवणं यांत अंतर असतं. दोन सूर कानावर पडले की ‘हे माहितीये मला’ हे लगेच कळतं, नाव मात्र मागून येतं. कधी पाच सेकंदांनी, कधी वीस. या खेळाची सगळी गंमत त्या मधल्या वेळात आहे. कुणी डोळे मिटून मान हलवतं, कुणी शेजारच्याला कोपराने ढोसतं, कुणी ‘अरे, ते नाही का…’ म्हणत एकच ओळ तीनदा गुणगुणतं. भाच्याने उत्तर ओरडलं की उरलेल्या सगळ्यांचा तो वेळ क्षणात संपतो. म्हणून गाण्यांच्या यादीला हात लावण्याआधी उत्तर कसं द्यायचं ते ठरवा. आमच्या मते उत्तर लिहून द्यायचं, तेही गटाने. तुमच्या पत्रातल्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील.

बावीसांतून तुम्ही आणि गुण मांडणारं एक माणूस बाजूला काढा. उरलेल्या वीस जणांचे पाच-पाचांचे चार गट होतात. तिघांच्या गटात एक जण गप्प बसला की गट लंगडा पडतो आणि सात जणांच्या गटात तिघं खेळतात, चौघं बघतात. पाच हा आकडा बरा. गट आधीच कागदावर पाडून ठेवा. ऐन वेळी ‘पाडा गट’ म्हटलंत तर एका वयाची मंडळी एकत्र येणार आणि एका गटाला निम्मी गाणी ऐकलेलीच नसणार. प्रत्येक गटात साठीपुढचं किमान एक आणि शाळेतलं किमान एक माणूस हवं. पेन गटातल्या सगळ्यांत लहान, पण लिहिता येणाऱ्या मुलाच्या हातात द्या. मोठ्यांना उत्तर त्याच्या कानात सांगावं लागतं, त्यामुळे मूल जागचं हलत नाही आणि आजोबांकडे दुर्लक्षही होत नाही. चार गट खोलीच्या चार कोपऱ्यांत बसवा. शेजारी-शेजारी बसले तर कुजबुज ऐकू जाते आणि मग ‘आमचं उत्तर ढापलं’ सुरू होतं.

आता गाणी. माणसाला सगळ्यांत पक्की आठवतात ती साधारण दहा ते पंचवीस या वयात कानावर पडलेली गाणी. त्यामुळे हिशेब सोपा आहे. पाहुण्याच्या जन्मसालात दहा मिळवा, पंचवीस मिळवा, त्या दोन सालांमधली गाणी त्याची. १९५२ चा जन्म असेल तर १९६२ ते १९७७, १९८० चा असेल तर १९९० ते २००५. याला एक मजेदार पुरवणी आहे. संगीताच्या मानसशास्त्राच्या अभ्यासक कॅरोल क्रुमहान्सल आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विशीतल्या तरुणांना स्वतःच्या काळातल्या गाण्यांबरोबरच आपल्या आई-वडिलांच्या तरुणपणातली गाणीही चांगली ओळखता आली होती. घरात जे वाजतं ते मुलांच्या कानात मुरतं. याचा तुम्हाला उपयोग असा, की मधल्या पिढीची गाणी दोन पिढ्यांना येतात. यादीत त्यांना सगळ्यांत जास्त जागा द्या.

एका तासाला पस्तीस गाणी पुरतात. त्यांतली दहा ज्येष्ठांच्या काळातली, बारा मधल्या पिढीची, सात हल्लीची आणि सहा अशी की जी आठ वर्षांच्या मुलापासून सगळ्यांना माहीत आहेत. वर पाच राखीव. तुमची स्वतःची आवडती गाणी पाचाहून जास्त होत असतील तर कात्री लावा. यादी करणाऱ्याची आवड खोलीभर लादली जाणं हा या खेळातला नेहमीचा रोग आहे आणि तो ज्याचा त्याला दिसत नाही.

तरी गाणं निवडणं हे अर्धंच काम. खेळ सोपा की अवघड हे गाण्यातला कोणता तुकडा ऐकवता यावर ठरतं. खोलीतल्या प्रत्येकाला पाठ असलेलं गाणंसुद्धा दुसऱ्या अंतऱ्याआधीच्या म्युझिकवरून ओळखायला सांगा, अर्धे लोक छताकडे बघतील. उलट अगदी साध्या गाण्याच्या सुरुवातीला एखाद्या वाद्याची ठसठशीत फिरत असेल तर तीन सेकंद पुरतात. तुकडा निवडताना दोन गोष्टी सांभाळा. तो सांगीतिक वाक्याच्या सुरुवातीपासून कापा, कारण मधूनच धरलेली धून माणसाला कुठेच जोडता येत नाही आणि ऐकणारा पहिले तीन सेकंद सम शोधण्यातच घालवतो. आणि सुरुवातीचं म्युझिक घेणार असाल तर आवाज लागण्याआधी पाव सेकंद थांबा. गायकाच्या तोंडून पहिलं अक्षर जरी फुटलं तरी कोडं सुटतं.

अवघड किती ठेवायचं? गटाला दहांपैकी सहा-सात यावीत. याहून सोपं असेल तर सगळ्यांचे गुण सारखे होतात, याहून अवघड झालं की पेन खाली ठेवलं जातं. पण हे स्वतःच्या कानांनी ठरवू नका. तुम्हाला उत्तर माहीत असतं, म्हणून प्रत्येक तुकडा सोपाच वाटतो. मेळाव्याला न येणाऱ्या दोघांना, शक्यतो वेगळ्या वयाच्या, सगळे तुकडे फोनवर ऐकवा. दोघांनाही आलं नाही ते बदला. दोघांनीही लगेच सांगितलं ते फेरीच्या सुरुवातीला ठेवा. फेरीचं पहिलं गाणं सगळ्यांना यावं, सातवं-आठवं सगळ्यांत कठीण असावं आणि दहावं पुन्हा सोपं, म्हणजे फेरी गाण्यावर संपते, उसाशावर नाही.

जाहिरात वाजली, कारण तुम्ही गाणी इंटरनेटवरून थेट लावलीत. यावर खात्रीचा उपाय म्हणजे तुकडे आधी कापून ठेवणं. तुमच्याकडे फाइल रूपात असलेली गाणी घ्या आणि संगणकावर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. पहिल्या गाण्याला अर्धा तास जाईल, पुढची पाच-पाच मिनिटांत होतील. हवा तो भाग सिलेक्ट करून बाकीचा काढून टाका. शेवटचा अर्धा सेकंद फेड-आउट करा, नाहीतर तुकडा कुणी गळा दाबल्यासारखा थांबतो. जुनी ध्वनिमुद्रणं हळू आणि नवी कर्कश वाजतात, म्हणून सगळ्या तुकड्यांना लाउडनेस नॉर्मलायझेशन लावून एकच पातळी द्या. उणे १६ एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) हा आकडा घरगुती स्पीकरला ठीक जातो. हे केलं नाही तर रात्रभर आवाजाचं बटण तुमच्याच हातात राहील.

मग प्रत्येक तुकड्याच्या आधी एक सेकंदाची शांतता जोडा. हे बारीक वाटेल, पण फार कामाचं आहे. बरेच ब्लूटूथ स्पीकर काही वाजत नसलं की डुलकी घेतात आणि जागं होताना आवाजाचा पहिला अर्धा-पाऊण सेकंद गिळतात. बारा सेकंदांच्या तुकड्यात ते चालून जाईल, एक सेकंदाच्या तुकड्यात प्रश्नच नाहीसा होतो. स्पीकर फारच झोपाळू असेल तर वायर जोडा.

फाइलला गाण्याचं नाव देऊ नका. ०१, ०२, ०३ असे आकडे द्या, आणि आधीचं शून्य विसरू नका, कारण नुसते १, २, १० दिलेत तर कित्येक प्लेअर १ नंतर थेट १० वाजवतात. फाइलच्या आत लपलेली माहिती, म्हणजे नाव, गायक, अल्बमचं चित्र, तीही एक्स्पोर्ट करताना पुसून टाका. टीव्हीला फोन जोडून गाणी लावणाऱ्यांची इथेच फजिती होते. धून सुरू व्हायच्या आत पडद्यावर नाव येतं.

प्रत्येक गाण्याच्या दोन फाइली करा. ०७अ मध्ये प्रश्नाचा तुकडा आणि ०७ब मध्ये त्याच गाण्याचा मुखडा, बारा-पंधरा सेकंद. उत्तर सांगताना नुसतं नाव वाचून दाखवू नका, ब फाइल लावा. खोली गायला लागते ती इथे. आम्हाला विचाराल तर प्रश्नाच्या तुकड्याइतकीच मेहनत या उत्तराच्या तुकड्यावर घ्या. ज्या गटाचं उत्तर चुकलं तोही या वेळी गात असतो.

कापाकापी जमणार नसेल तर दुसरा रस्ता आहे. ज्या अ‍ॅपवर जाहिराती नाहीत त्यावर गाणी ऑफलाइन उतरवा, क्रमाने एक प्लेलिस्ट करा, शफल, क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणं) आणि ऑटोप्ले बंद ठेवा आणि प्रत्येक गाणं कितव्या सेकंदाला सुरू करून कितव्याला थांबवायचं ते कागदावर लिहून घ्या. बोट नेमकं पडत नाही, त्यामुळे एक-दोन सेकंद मागेपुढे होणारच. लांब तुकड्यांच्या फेऱ्या यावर निभावतात, एक सेकंदाच्या तुकड्यापासून चढत जाणारी शेवटची शिडीची फेरी निभावत नाही.

स्पीकर मोठा हवा असं काही नाही. मानसशास्त्रज्ञ ग्लेन शेलेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. गाण्यांची नावं समोर ठेवून लोकांना लोकप्रिय ध्वनिमुद्रणांचे २०० आणि १०० मिलिसेकंदांचे, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या आणि दहाव्या भागाचे तुकडे ऐकवले. नुसत्या अंदाजाने जितकी जुळली असती त्याहून दोन्हींत जास्त जुळली. १०० मिलिसेकंदांच्या तुकड्यांतून खालच्या पट्टीतला घुमार काढून टाकला तरी फरक पडला नाही. वरच्या पट्टीतला आवाज काढला की मात्र ओळख पार नाहीशी झाली. एवढ्या इवल्या तुकड्यात चाल मावतच नाही. कान पकडतो तो आवाजाचा पोत आणि हा पोत वरच्या पट्टीत असतो. तेव्हा धडधडणारा बास नसला तरी चालेल, पण स्पीकर सोफ्यामागे, टेबलाखाली किंवा पडद्याआड ठेवू नका, तिथे नेमका वरचाच आवाज अडतो. बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, सगळ्यांना दिसेल असा ठेवा आणि सगळ्यांत लांबच्या खुर्चीत बसून एकदा ऐका. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना स्पीकरजवळ बसवा. तुमचा फोन फ्लाइट मोडवर टाकून मग ब्लूटूथ चालू करा, नाहीतर ऐन धुनीत कुणाचा तरी फोन येतो.

फेऱ्या चार घ्या. त्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे.

पहिली फेरी सुरुवातीच्या म्युझिकची. दहा गाणी, प्रत्येकी दहा-बारा सेकंद, तुकडा दोनदा वाजवायचा, मग वीस सेकंद लिहायला. गाण्याला दोन गुण, गायकाला एक. अर्धे गुण ठेवू नका. अर्ध्या गुणांची बेरीज आणि भांडण दोन्ही लांबतात. दहाही प्रश्न झाल्यावर गटांनी आपापसांत कागद बदलायचे, तुम्ही ब फाइली लावत उत्तरं सांगायची. एकेका गाण्याला लगेच उत्तर सांगितलं तर दर मिनिटाला गलका होतो आणि पुढचा तुकडा त्यात बुडतो. या फेरीला पंधरा मिनिटं लागतात.

दुसरी फेरी शब्दांची आणि तिला स्पीकर लागतच नाही. गाण्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या कडव्यातल्या दोन ओळी तुम्ही बातमी वाचावी तशा कोरड्या आवाजात वाचायच्या. कौशल्य वाचण्यात आहे. गाण्यात जिथे ठेहराव आहे तिथे थांबायचं नाही, अर्थ जिथे थांबतो तिथे थांबायचं. यमकावर जोर द्यायचा नाही. ओळीत पुन्हापुन्हा येणारा शब्द एकदाच घ्यायचा. चाल निघून गेली की पाठ असलेले शब्दसुद्धा अनोळखी वाटतात आणि मग गटात कुणीतरी त्या ओळी तोंडातल्या तोंडात वेगवेगळ्या चालींवर चढवून बघायला लागतं. ज्येष्ठ मंडळी इथे हमखास पुढे असतात, ऐकू कमी येणाऱ्यांनाही ही फेरी सोयीची, कारण ओळी पुन्हा वाचून दाखवता येतात. घरी मोठ्याने वाचून सराव करा. सराव नसेल तर तिसऱ्या शब्दाला तुमचाच आवाज चालीवर जातो.

तिसरी फेरी गुणगुणण्याची. इथे एक मोह टाळा. पुष्कळ जण टेबलावर बोटांनी ठेका वाजवून गाणं ओळखायला लावतात. मानसशास्त्राच्या संशोधक एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात हेच करून पाहिलं होतं. सर्वांना माहीत असलेल्या गाण्यांचा ठेका वाजवायचा आणि समोरच्याने ओळखायचं. १२० वेळा वाजवलं, ओळखली गेली ३. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी तरी ओळखली जातील. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सगळा वाद्यवृंद चालू असतो, ऐकणाऱ्याला फक्त टकटक ऐकू येते. तुम्हाला सगळे तुकडे सोपे का वाटतात, याचं मूळही हेच. त्यामुळे ठेका फक्त गंमत म्हणून एखादाच, बिनगुणांचा. फेरीला मात्र चाल हवी.

ओठ मिटून गुणगुणायचं, ‘ला ला’ नाही. ‘ला ला’ म्हणताना शब्दांचे आकार नकळत तोंडात येतात. प्रत्येक गटातून एक जण उभा राहील, त्याला तीन गाण्यांची चिठ्ठी द्या, त्यातलं जे येतं ते त्याने निवडायचं. एकच गाणं लादलंत आणि त्याला ते येत नसेल तर बिचारा भर सभेत उभा राहतो. तीस सेकंदांत त्याच्याच गटाने ओळखलं तर दोन गुण. नाही ओळखलं तर उरलेल्या गटांनी चिठ्ठीवर लिहायचं, बरोबर येईल त्याला एक. प्रत्येक गटाची दोन-तीन माणसं उभी केली की दहा गाणी होतात, आणि गटांना सारखी संधी हवी असेल तर आठच घ्या. तुमच्या भाच्याचं खरं काम इथे आहे. त्याला गाणी येतात, तर त्याच्या गटासाठी पहिला गुणगुणणारा तोच. स्वतःला उत्तर माहीत असून दुसऱ्याच्या तोंडून ते काढायचं, हे त्याला ओरडण्याहून अवघड जाईल.

गाणी उलटी वाजवण्याची कल्पना कुणीतरी सुचवेलच. दोनाहून जास्त नको. उलट्या आवाजात प्रत्येक सूर शेपटाकडून सुरू होतो, त्यामुळे वाद्याची ओळखच पुसली जाते. शेलेनबर्ग यांच्या प्रयोगातही १०० मिलिसेकंदांचे तुकडे उलटे लावल्यावर उत्तरं नुसत्या अंदाजावर आली होती. लांब तुकड्यात गायकाचा गळा मात्र बऱ्याचदा ओळखू येतो, म्हणून उलट्या तुकड्याला ‘गाणं कोणतं’ विचारण्यापेक्षा ‘गातंय कोण’ विचारा.

चौथी आणि शेवटची फेरी शिडीची. पाचच गाणी. प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीचे आधी एक सेकंद, मग तीन, मग सात, मग पंधरा, असे चार टप्पे. गटाकडे एका गाण्यासाठी एकच चिठ्ठी. पहिल्या टप्प्यानंतर दिली तर चार गुण, दुसऱ्यानंतर तीन, मग दोन, मग एक. दिलेली चिठ्ठी परत मिळत नाही आणि उत्तर चुकलं तर शून्य. प्रत्येक टप्प्यानंतर आठ सेकंद थांबा, तेवढ्यात ‘देऊ का, थांबू?’ यावर गटात जी घालमेल होते ती बघण्यासारखी असते. एक सेकंद फारच कमी वाटेल, पण क्रुमहान्सल यांच्याच २०१० च्या प्रयोगात ४०० मिलिसेकंदांच्या तुकड्यावरून गाण्याचं नाव आणि कलाकार दोन्ही बरोबर सांगण्याचं प्रमाण एक चतुर्थांशाहून जास्त होतं. मात्र इथली पाचही गाणी सगळ्यांना माहीत असलेल्या सहांतलीच घ्या. माहीत नसलेलं गाणं शिडीवर चढवण्यात काहीच अर्थ नाही. शिडी शेवटीच ठेवा, कारण तिच्यात वीस गुण आहेत आणि मागे पडलेल्या गटालाही आशा राहते.

हिशेब असा होतो. पंधरा-पंधरा मिनिटांच्या तीन फेऱ्या, आठ मिनिटांची शिडी, समजावून सांगायला तीन मिनिटं. छप्पन्न. बोलावणं, बसवणं, पाणी पिणं यात वेळ जातोच. खेळ लांबतोय असं दिसलं तर दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतली गाणी सातवर आणा, शिडीला हात लावू नका.

वाद टाळायचे तर चार गोष्टी खेळ सुरू होण्याआधी मोठ्याने सांगा. मुखड्याची पहिली ओळ किंवा गाणं ज्या नावाने ओळखलं जातं ते नाव, दोन्ही चालेल. अर्धी ओळ चालेल, पण ती दुसऱ्या कुठल्या गाण्याला लागू पडता कामा नये. द्वंद्वगीतात एका गायकाचं नाव बरोबर असलं की गुण पूर्ण. एकाच गाण्याच्या दोन आवृत्त्या असतील तर जी वाजली तिचाच गायक धरायचा, ‘मूळ’ गायकाचा प्रश्नच काढायचा नाही. मागच्या वेळचं तुमचं भांडण या शेवटच्या वाक्याने झालंच नसतं. शुद्धलेखन बघायचं नाही, पेन मुलांच्या हातात आहे. उत्तरांचा कागद करताना गायकाचं नाव एका अ‍ॅपवरून उचलू नका. कित्येक ठिकाणी गायकाच्या रकान्यात संगीतकाराचं नाव आलेलं असतं. दोन ठिकाणी जुळलं नाही तर त्या गाण्याला गायकाचा गुणच ठेवू नका.

फोन गटाच्या मधोमध पालथे. गाणं ओळखणारी शझॅमसारखी अ‍ॅप ध्वनिमुद्रणाचा ठसा काढून साठवलेल्या ठशांशी जुळवतात, म्हणून खऱ्या रेकॉर्डचे काही सेकंद मिळाले की ती उत्तर देतात. कुणी समोर उभं राहून गुणगुणलं तर ठसा जुळत नाही, पण गुगलने २०२० पासून गुणगुणण्यावरूनही गाणं शोधायची सोय दिली आहे, तेव्हा तिसऱ्या फेरीत तरी ढिलाई नको.

आणि ओरडायची हौस? ती पुरती मारू नका, नाहीतर कुणीतरी म्हणेल परीक्षेला बसवलंत. फेऱ्यांच्या मध्ये दोन-तीन राखीव गाणी ‘रुमाला’ला द्या. चार गटांचे चार प्रतिनिधी मध्ये, जमिनीवर रुमाल, धून ओळखली की रुमाल उचलायचा. उचलला की आवाज बंद आणि पाच सेकंदांत उत्तर. चुकलं तर तो बाद, बाकीच्यांसाठी धून पुढे चालू. रुमाल आधी कुणी उचलला ते गुण मांडणाऱ्याने बघायचं, कारण तुमची नजर फोनवर असते. प्रतिनिधी दर वेळी बदलायचा, म्हणजे भाच्याचा नंबर एकदाच. गुण एकच.

शेवटी बरोबरी झाली तर राखीवांतलं एक गाणं घ्या, दोन्ही गटांतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसांना पुढे बोलवा आणि त्या गाण्याची चाल खोलीतल्या सगळ्यांत लहान मुलाला ओठ मिटून गुणगुणायला सांगा. ते गाणं त्याला येतं ना, तेवढं आदल्या दिवशी विचारून ठेवा.